टिकलीची खारी आणि फटफटीचे दात

एका उंबऱ्यात एक मुंगी राहायची. तिचं नाव टिकली. टिकली एवढीशी, पण भूक केवढी मोठी!

रोज सकाळी खारीवाले गफूरचाचा यायचे. फट् फट् फट्! फटफटी थांबायची. डबा उघडायचा. खारीचा चुरा भुरुभुरु खाली पडायचा. तो चुरा टिकलीचा!

आज फट् फट् नाही. चुरा नाही. टिकलीला रडूच आलं.

निघाली टिकली. तुरुतुरु, तुरुतुरु. कोपऱ्यावर गॅरेज होतं. तिथे चाचा गालाला हात लावून बसले होते.

"चाचा, चाचा, या ना!
टिकलीला खारी मिळेना!"

"फटफटी पळेल, तर मी येईन."

टिकली गेली फटफटीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"फटफटी, फटफटी, पळ ना!
चाचा येईनात,
टिकलीला खारी मिळेना!"

"चेन ओढेल, तर मी पळेन."

टिकली गेली चेनकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चेन, चेन, ओढ ना!
फटफटी पळेना,
चाचा येईनात,
टिकलीला खारी मिळेना!"

चेन सैल पडली होती. खळ् खळ् खळ्! "चक्र धरेल, तर मी ओढेन."

टिकली गेली दातेरी चक्राकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चक्रा, चक्रा, धर ना!
चेन ओढेना,
फटफटी पळेना,
चाचा येईनात,
टिकलीला खारी मिळेना!"

"माझे दात झिजले गं! मावशी नवे दात देईल, तर मी धरेन."

गिरिजामावशी म्हणजे फटफटीची डॉक्टरच. टिकली गेली मावशीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी, मावशी, दात दे ना!
चक्र धरेना,
चेन ओढेना,
फटफटी पळेना,
चाचा येईनात,
टिकलीला खारी मिळेना!"

"देईन गं! पण नुसती चेन बदलू, की चक्रंही बदलू? दात नीट दिसतील, तर मी ठरवेन. चष्मा घरी विसरले ना!"

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. टिकलीने डोळे पुसले.

"मला दिसतं की!"

चढली चक्रावर. या दातावरून त्या दातावर.

"हा दात टोकदार! हा वाकडा! आणि हा तर... अगं आई गं!"

घसर्र... टुप्! टिकली पडली मावशीच्या तळहातावर.

"कळलं!" मावशी हसली. "असले दात नवी चेनही खाऊन टाकतील. चाचा, चेन नवी, पुढचं-मागचं दोन्ही चक्रं नवी!"

"बदल बाई," चाचा म्हणाले. "एकदाच काय ते होऊ दे."

कर्र कर्र, पाना फिरला. मग काय!

मावशीने दात दिले,
चक्राने धरलं,
चेनने ओढलं,
फटफटी पळाली,
चाचा आले!
फट् फट् फट्! आणि डब्यावर कोण बसलंय? टिकली!

उंबऱ्यापाशी डबा उघडला. चाचांनी वाकून एक खारी खाली ठेवली. चुरा नाही, अख्खी!

"रोज सांडलेली खातेस. ही दिलेली खा. ही तुझ्या हक्काची!"

टिकलीने खारीला मिठीच मारली. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम!

खारी गेली टिकलीच्या पोटात,
गोष्ट आली तुमच्या कानात.