खंड्याचा अबोला

पाखरं एकमेकांकडे शिकायला जात, त्या काळातली ही गोष्ट. एका खंड्याचा पंख दुखावला आणि त्याचं पाण्यात सूर मारणं बंद झालं. काठावरच्या बिळात पिल्लं भुकेनं रडत होती. नाइलाजानं तो ढोकरी बगळीकडे गेला. ती पाण्यावर माशी अलगद सोडायची आणि ती गिळायला वर आलेला मासा टिपायची.

तीन दिवस खंड्या माश्या सोडत राहिला. पण मासा दिसला रे दिसला की तो सवयीनं मोठ्यानं ओरडायचा आणि मासा पळायचा.

"अरे बाबा, मासा धरायचाय की हाकलायचाय?" ढोकरीनं विचारलं.

खंड्या भडकला. "ढोकरीबाई, माझी पोरं उपाशी आहेत आणि तुम्हाला थट्टा सुचते? यापुढे तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही."

धुमसतच त्यानं पुढची माशी सोडली आणि चोच घट्ट मिटली. मासा वर आला. अबोला धरलेल्या खंड्याच्या तोंडून आवाज फुटला नाही. त्यानं मासा अचूक टिपला.

तो बिळाकडे निघाला, तेव्हा ढोकरी म्हणाली, "पोरांना भरवून ये. आणि येताना राग तेवढा घरी विसरू नकोस."