सखाहरीची सवलत

अधीक्षक बेहेरे साहेब म्हणजे नियमाला पक्का माणूस. जेलशिपायाला स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक नाही आणि कारागृहाच्या आवाराबाहेर राहायला परवानगी नाही, म्हणजे नाही.

त्यांच्या हाताखाली, तिकडे विदर्भात, सखाहरी खोत शिपाई होता. म्हातारी आई इकडे आजऱ्याजवळ एकटी. बदलीचा अर्ज दर वर्षी जायचा, तसाच परत यायचा.

शिपायांच्या तक्रारी ऐकायला साहेबांनी दरबार भरवला, तेव्हा त्यानं पुन्हा हात जोडले.

"आईला इथं क्वार्टरमध्ये आण," साहेब म्हणाले.

"आणली होती, साहेब. जेलची भिंत बघून तिनं अन्न सोडलं."

"मग माझा इलाज नाही."

"आज सकाळी आपण एका जन्मठेपवाल्याला त्याच्या गावाजवळच्या जेलात धाडलं. आईला भेटीला येता यावं म्हणून. गाडीत मीच बसवला त्याला."

"कैद्यांना तशी सवलत आहे."

"तर मलाही कैद्यांत धरा, साहेब. आवाराबाहेर राहायचं नाही, रजा मिळाली तरच घर बघायचं. त्यांचं सगळं मला लागूच आहे. ही सवलत तेवढी राहिलीय."

दरबारात कुणी हसलं नाही. साहेबांनी अर्जावर शिफारस लिहिली.

बदली झाली, पण पुढचा पावसाळा उलटल्यावर. सखाहरी दारात आला तोवर आईचं भान पार हरपलं होतं. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"सुटलास होय रं, लेकरा? लई वर्षं ठेवलं तुला जेलात."