सदूची निरोपाची कार्डं

एका गावच्या दूधसंघात सदू केंजळे नावाचा एक भोळा कारकून होता. भोळा हा आपला सभ्य शब्द. तिथं कुणी नोकरी सोडून निघालं की त्याला शाल, नारळ आणि इंग्रजी कार्ड देत. इंग्रजी कुणालाच धड येत नसे, म्हणून कार्ड वाचलं की लगेच मराठीत अर्थ सांगत. मग सरळ 'सुखी राहा' का म्हणत नव्हते? त्यात कसली आलीय ऐट.

कार्डं लिहायचं काम सदूकडे आलं. संघाचे मॅनेजर रेठरेकरसाहेब म्हणाले, "नीट लिहीत जा. माझी बदली झाली की जाताना तुला कायम करून जातो." सदू हरखला. कायम झाल्याशिवाय त्याला कुणी मुलगी देत नव्हतं.

पहिले निघाले हिंदुराव ड्रायव्हर. पाय मोडला होता, गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर. सदूनं लिहिलं, 'ब्रेक अ लेग'. इंग्रजीत शुभेच्छा अशाच देतात, असं मोबाइलनं सांगितलं होतं. सदूनं अर्थ सांगितला, "पाय मोडा."

हिंदुराव म्हणाले, "आता दुसराबी मोडू व्हय?"

हेडक्लार्क धारपबाईंनी सदूला झापलं. "अशा वेळी 'बॅक ऑन युअर फीट' लिहावं. लवकर पायांवर उभे राहा म्हणावं."

"बरं, बाई."

मग वैजयंती टायपिस्टचं लग्न ठरलं. निरोपाला सासरची मंडळी आली होती. सदूनं वाचलं, 'बॅक ऑन युअर फीट', आणि अर्थ सांगितला, "लवकर पायांवर उभ्या राहा."

होणारी सासू म्हणाली, "पोरीच्या पायात काय दोष हाय?" बिचारीला सगळ्यांसमोर चालून दाखवावं लागलं.

"लग्नाला 'टाय द नॉट' लिहावं," बाई दातओठ खात म्हणाल्या. "गाठ बांधा म्हणावं."

"बरं, बाई."

पुढं शिंत्रेअण्णा निवृत्त झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सदूनं वाचलं, 'टाय द नॉट'. "गाठ बांधा, म्हणजे लग्न करा." अण्णा लाजले. दोन्ही सुनांनी घरी जाताच सासूच्या दागिन्यांचा डबा शोधायला घेतला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, निवृत्त होणाऱ्याला 'कॉल इट अ डे' लिहावं. पुरे झालं, आता थांबा."

"बरं, बाई." गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.

अखेर रेठरेकरसाहेब बढतीवर जिल्ह्याला निघाले. खुद्द चेअरमन आले. सदूला कायम करायचा कागद साहेबांच्या पुढ्यात, पेन हातात. सदूनं खड्या आवाजात वाचलं, 'कॉल इट अ डे'. "साहेब, पुरे झालं, आता थांबा."

मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. चेअरमनही हसले. साहेबांनी कागद टराटरा फाडला.

"गाढवा, वर चाललेल्याला 'ऑनवर्ड्स अँड अपवर्ड्स' लिहितात. पुढे जा, वर जा, अभिनंदन. आणि तू उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"बरं, साहेब."

कुणीतरी नोकरी सोडून निघालं होतं, म्हणजे कार्ड हवंच. सदूनं तिथंच बसून स्वतःसाठी लिहिलं, 'ऑनवर्ड्स अँड अपवर्ड्स', आणि घरी जाऊन आईला अर्थ सांगितला. पोरगं कायम झालं म्हणून म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं गावभर पेढे वाटायला काढले.

पहिला पुडा घेऊन सदू साहेबांच्या दारात उभा राहिला.

"तोंड गोड करा, साहेब. आई म्हणते, हे सगळं तुमच्यामुळंच झालं."