गितूबाईची हाक

खाडीवर पूल नव्हता, माणसं होडीतून ये-जा करायची, तेव्हाची ही गोष्ट. वेळशेत गावात गितूबाई राहायची. तिचं मूळ नाव गितेल.

ती पोलंडची. तिकडे युद्ध पेटलं आणि ज्यू म्हणून जन्मलेल्यांना शोधून शोधून मारू लागले. तिच्या घरातलं कुणी उरलं नाही. एका शेतकरणीनं तिला गोठ्याच्या जमिनीखाली लपवलं. म्हणाली, "आवाज केलास तर तूही मरशील नि मीही."

वर शिपायांचे बूट वाजायचे, खाली गितेल खोकलासुद्धा गिळायची. युद्ध संपलं आणि ती वर आली, पण आवाज आला नाही. असं म्हणतात, तो त्या मातीतच राहिला.

आपल्या गावचा रहमीम बेने इस्राएली, म्हणजे कोकणातला ज्यूच; पलटणीत कंपाउंडर. इटलीतल्या एका छावणीत त्याला ती भेटली. भाषा जुळेना. त्यानं 'शमा इस्राएल' ही ज्यूंची प्रार्थना म्हटली, तेव्हा तिचे ओठ हलले. लग्न करून तो तिला गावी घेऊन आला.

बायका कुजबुजल्या, "मुकी सून आणली की!"

सासू मलकाबाई म्हणाली, "बोलेल तेव्हा बोलेल. घाई कुणाला आहे?" आणि दोघींचं मिळून एकटीच बोलत राहिली.

थंडीतल्या एका सकाळी खाडीवर दाट धुकं उतरलं. बाजाराहून निघालेली बायकांची होडी वाट चुकली नि खडकांकडे ओढली जाऊ लागली. मलकाबाई त्याच होडीत होती. किंकाळ्या ऐकून गितूबाई कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि ओरडली, "इकडे या! आई, इकडे या!"

असं म्हणतात, त्या हाकेनं धुकं मधोमध फाटलं. असंही म्हणतात, ओहोटी जागच्या जागी थबकली. होडीचा तांडेल तर मरेपर्यंत सांगायचा, "मी वल्हं मारलंच नाही. हाकेनं ओढून आणलं."

काठावर उतरून मलकाबाई म्हणाली, "सूनबाई, आवाज दणदणीत आहे गं तुझा!"

गितूबाई रडता रडता खो खो हसली.

मग ती कसली थांबते! कोळणींशी भांडली, पोरांना अंगाई गायली, तीही शेजाऱ्यांची झोप मोडेल अशी. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावताना तिकडच्या आपल्या माणसांची नावं घ्यायची, तीही मोठ्यानं. नातीनं एकदा विचारलं, "आजी, हळू नाही का बोलता येत?"

"माझ्या वाटणीचं हळू बोलून झालंय, बाळा."

पिकलं पान होऊन, भरल्या घरातून ती गेली.

आता पूल झालाय. तरी वेळशेतात नवी सून आली, मग ती कुणाच्याही घरची असो, की बायका तिला काठावर नेतात. "गितूबाईचं नाव घे, आणि मार हाक," म्हणतात. सून आधी लाजते. मग पदर खोचून, छाती भरून पाण्यावर आपलं स्वतःचं नाव पुकारते.

आणि पलीकडून कुणीतरी ओ देतंच.