दोरवाल्यांच्या आळीतला हत्ती

एका गावात एक सरळ आळी होती. आळी सरळ असण्यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण त्या गावातल्या बाकी सगळ्या गल्ल्या वाकड्यातिकड्या होत्या. कुठे विहीर आडवी आली म्हणून वळलेल्या, कुठे दोन भावांचं पटलं नाही म्हणून. ही एकच आळी अशी, की या टोकाला उभं राहिलं की त्या टोकापर्यंत दिसायचं. चांगली तीनशे पावलं लांब. तिथे दोरवाले राहत.

विहिरीचे दोर, होड्यांचे दोर, पाळण्यांच्या दोऱ्या, सगळं त्या आळीत तयार व्हायचं. सकाळी एका टोकाला चाक मांडायचं, दुसऱ्या टोकाला आकडा धरून माणूस उभा करायचा आणि मधे अंबाडीचे तीन पेड ताणायचे. मग कुणीतरी ओरडायचं, "दोर ताणलाय!" एवढं ऐकलं की आळी ओलांडणारा जिथल्या तिथे थांबायचा. एकदा समोरासमोरच्या दोन घरांत लग्न होतं, तर नवरदेव नवरीच्या दारासमोर तासभर अडून राहिला होता. पण थांबायचं कशासाठी, हे कुणी कुणाला सांगत नसे. आळीतल्यांना ते माहीतच होतं, आणि बाहेरचे लोक तिकडे फारसे फिरकत नसत.

या आळीच्या मागे एका शेठजींनी मोठा बाजार बांधला. एका छपराखाली साठ दुकानं! कापड, भांडी, बांगड्या, मिठाई, सगळं एकाच ठिकाणी. अडचण एवढीच, की राजरस्त्यावरून येणाऱ्या गाड्यांना नदीकडून लांबचा वळसा पडायचा. शेठजींनी नकाशा काढला, पट्टी ठेवली आणि राजरस्त्यापासून बाजाराच्या मोठ्या दारापर्यंत एक रेघ मारली. ती रेघ दोरवाल्यांच्या आळीला बरोबर मधोमध आडवी जात होती. "इथून नवा रस्ता होईल," शेठजी म्हणाले, "दिवसाला दोनशे गाड्या येतील!"

आळीत एकच गलका झाला. "रस्ता होऊ देणार नाही!" असं सगळे म्हणाले आणि राजाच्या कारभाऱ्याकडे गेले.

कारभारी न्यायी होता. पण न्यायी होता त्याहून जास्त चौकस होता. जेवायला बसला तर कढीपत्ता कुणाच्या परसातला आहे हेसुद्धा विचारायचा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रस्ता नको, हे कळलं. का नको, ते मला आठ दिवसांनी येऊन सांगा."

झालं, आळीची बैठक बसली. एक म्हणाला, धूळ उडेल. दुसरा म्हणाला, कोंबड्या चाकाखाली येतील. आळीचा म्होरक्या सटवाजी म्हणून होता. तो वैतागून म्हणाला, "अरे, धूळ काय आज उडत नाही? आणि कोंबड्यांसाठी कोण रस्ता थांबवतो?"

गोजराबाई कोपऱ्यात बसली होती. चाळीस वर्षं चाक फिरवून तिचे दंड एखाद्या पैलवानासारखे झाले होते. ती म्हणाली, "दोर वळता येणार नाही, एवढंच सांगा की. खरं तेच आहे."

"आत्या, हे काय कारण झालं?" सटवाजी म्हणाला. "कारभारी हसेल. म्हणेल, घरात बसून वळा. एवढ्या मोठ्या माणसासमोर जायचं तर काहीतरी वजनदार पाहिजे."

"वजनदार म्हणजे काय, हत्ती?" कुणीतरी चेष्टेत म्हणालं.

सगळे हसले. सटवाजी मात्र हसला नाही. तो विचारात पडला, आणि तिथेच घात झाला.

आठव्या दिवशी सटवाजी आळीतल्यांना घेऊन कारभाऱ्याकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "सरकार, आमच्या आळीत जुन्या राजाचा लाडका हत्ती पुरलेला आहे. त्याच्यावरून गाड्या कशा नेणार?"

कारभाऱ्याचे डोळे चमकले. "हत्ती? आमच्या राजाच्या आजोबांचा? आणि मला कुणी बोललं नाही?" तो तसाच उठला, पायांत वहाणा सरकवल्या आणि आळीत येऊन दारोदार चौकशी करू लागला.

"हत्तीचं नाव काय होतं?" त्याने पहिल्या घरी विचारलं.

"मोती," घरधनी म्हणाला.

"गजराज," शेजारी त्याच वेळी म्हणाला.

"सुळे किती मोठे होते?"

"एकच सुळा होता, डावा," एकजण म्हणाला.

"उजवा," दुसऱ्याने सांगितलं. तिसऱ्या घरातल्या सुनेला वाटलं आपणही मदत करावी. ती म्हणाली, "हत्तीण होती ती!"

पण कारभाऱ्याला संशय आला नाही. आपल्याला एखादी गोष्ट खरी असावीशी वाटली की असंच होतं, भल्याभल्यांचं होतं. उलट त्याची उत्सुकता वाढली. "पुरलाय नेमका कुठे?" त्याने शेवटी विचारलं. एकाने आळीचं वरचं टोक दाखवलं, दुसऱ्याने खालचं आणि सटवाजीने मधली जागा.

कारभारी खूश होऊन म्हणाला, "तुमचं जागेबद्दल एकमत नाही, हरकत नाही. उद्या पन्नास मजूर पाठवतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी आळी खणून काढू. हाडं सापडली की मानाने राजवाड्यात नेऊ. मग हवा तर रस्ता करा, खाली काही उरणारच नाही."

बातमी ऐकून शेठजीही मागोमाग आले होते. त्यांना तर आनंद मावेना. "राजवाड्यात कशाला? माझ्या बाजारात मांडा! बारा गावचे लोक बघायला येतील. रस्ता दुप्पट रुंद करावा लागेल!"

रस्त्याने आळीचे दोन तुकडे झाले असते. आता अख्खी आळीच खणली जाणार होती, आणि तीसुद्धा आपल्याच बोलण्याने. आता खरं कबूल करावं, तर राजाच्या माणसाशी खोटं बोलणाऱ्याला गावाबाहेर काढायची रीत होती. सटवाजीला तीन मुली होत्या.

सकाळी मजूर आले. कुदळी, फावडी, टोपल्या घेऊन आले. कारभारी तर त्यांच्याही आधी येऊन उभा होता. पहिल्या मजुराने चाकाच्या पायाशी कुदळ उचलली.

गोजराबाई सटवाजीकडे बघत राहिली. ते बघणं त्याला सहन होईना.

"थांबा!" सटवाजी ओरडला. "हत्ती नाही सरकार. कधीच नव्हता. मी खोटं बोललो. बाकीच्यांनी माझ्यामुळे री ओढली. बाहेर काढायचं तर मला एकट्याला काढा, पण आळी खणू नका."

मजुराने कुदळ खाली ठेवली. कारभाऱ्याचा चेहरा जत्रेत खेळणं न मिळालेल्या पोरासारखा झाला.

"एकही हत्ती नाही?" त्याने विचारलं.

"एकही नाही."

"मग आहे काय इथे?"

"जागा आहे सरकार. सरळ जागा."

"जागेत काय बघायचं?" कारभारी चिडून म्हणाला.

तेव्हा गोजराबाई पुढे आली. "बघायचंय ना? मग त्या टोकाला जा आणि आकडा दोन्ही हातांनी धरा. सोडायचा नाही."

बघायचं म्हटल्यावर कारभारी मागे हटणार नव्हता. तो तीनशे पावलं चालत गेला. आकडा त्याच्या हातात दिला, तीन पेड ताणले आणि कुणीतरी ओरडलं, "दोर ताणलाय!" गोजराबाईने चाक फिरवायला सुरुवात केली. पेडांना पीळ बसू लागला. कारभाऱ्याच्या हातातला आकडा जिवंत असल्यासारखा ओढू लागला.

तेवढ्यात जवळची वाट म्हणून शेठजींची मालाची गाडी दोन घरांमधल्या मोकळ्या जागेतून आळीत शिरली. मधोमध येऊन तिला थांबावं लागलं. दोर आडवा होता.

"किती वेळ?" गाडीवानाने विचारलं.

"दोर होईपर्यंत."

गाडीवानाने बैलांसमोर कडबा टाकला आणि बसून राहिला. तिन्ही पेड एकमेकांत घट्ट बसले, गोजराबाईने चाक थांबवलं, तेव्हा कारभाऱ्याने आजूबाजूला पाहिलं. तो ज्या दारापाशी उभा राहिला होता ते दार मागे, पार मागे राहिलं होतं.

"मी इथे कसा आलो?" त्याने विचारलं.

"पीळ बसला की दोर आखडतो," गोजराबाई म्हणाली. "माणसाला ओढत पुढे आणतो. म्हणून दोर पाहिजे त्याहून जागा लांब लागते, आणि मधे खंड चालत नाही. विहिरीचा दोर मधेच गाठ मारून जोडला, तर पाणी काढताना गाठ सुटली की बाई कुठे जाईल? हे घरात बसून कसं वळणार?"

कारभारी बराच वेळ दोरावरून हात फिरवत राहिला. त्याच्या तळव्यांना लाल वळ उठले होते. मग तो म्हणाला, "दिवसाला दोनशे गाड्या इथून गेल्या तर एकही दोर पुरा होणार नाही. हे मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

सटवाजी खाली बघून म्हणाला, "वाटलं, तुम्ही हसाल."

"हत्तीला हसलो नाही, तर दोराला हसलो असतो?"

शेठजीही तिथेच होते. "मला तरी कुठे माहीत होतं?" ते पुटपुटले. "मी आपली पट्टीने रेघ मारली." कारभाऱ्याने त्यांचा नकाशा मागवला आणि ती रेघ आळीच्या टोकापलीकडच्या माळावरून नेली. शंभर पावलं जास्त पडली. शेठजी थोडे कुरकुरले, पण गाड्यांचा नदीकडचा वळसा वाचला होता, म्हणून गप्प बसले.

राहता राहिली खोटं बोलण्याची शिक्षा. कारभारी म्हणाला, "खरं तू स्वतःहून बोललास, म्हणून तुला गावाबाहेर काढत नाही. पण शेठजींनी हत्तीची बातमी कालच बारा गावांत पोचवली आहे. लोक बघायला येतील. येईल त्याला दोर कसा वळतात ते दाखवायचं, आणि हत्तीचं खरं काय ते तू तुझ्या तोंडाने सांगायचं."

आणि लोक आले. पोराबाळांसकट, फराळाचे डबे घेऊन आले. सटवाजीने प्रत्येकाला दोर दाखवला, आकडा धरायला दिला, पीळ बसला की माणूस पुढे कसा ओढला जातो ते समजावलं. मोठी माणसं खूश होऊन जायची. पण लहान मुलं जाता जाता हटकून वळायची आणि विचारायची, "आणि हत्ती?"

"हत्ती नव्हता, बाळा," सटवाजी म्हणायचा. "मी खोटं बोललो होतो." बाराव्या गावचं शेवटचं मूल येऊन जाईपर्यंत प्रत्येक वेळी हे सांगताना त्याचे कान लाल व्हायचे.

तात्पर्य एवढंच: आपलं खरं कारण कितीही साधं असलं तरी तेच सांगावं. ते मोठं दिसावं म्हणून खोट्याची मदत घेतली, तर जे राखायला निघालो तेच आधी धोक्यात येतं.