रोपांची पाठराखीण

एकदा काय झालं, एका गावामागे होता एक डोंगर. अगदी बोडका, आपल्या दिगूच्या जावळ काढलेल्या डोक्यासारखा. हसू नकोस रे दिगू, मीट डोळे.

त्या डोंगराच्या पायथ्याशी भिवरा राहायची. तिचा नवरा बिरू, धनगर. डोंगरावर चारा नाही, म्हणून दसरा झाला की तो मेंढरं घेऊन लांब जायचा, तो आठ महिन्यांनी यायचा. एका वर्षी बिरू परत आला आणि त्याची तीन वर्षांची हौसा आईच्या मागे लपली. म्हणाली, "आये, कुणी पाव्हणं आल्याती." बिरू हसला, पण त्याचा चेहरा एवढासा झाला बरं का. भिवरानं ते पाहिलं.

मग तिनं ठरवलं, डोंगर हिरवा करायचा. झाडं आली की गवत येईल, गवत आलं की मेंढरं घरी राहतील, आणि मेंढरं राहिली की हौसाचा बाप राहील.

शेजारच्या डोंगरावर देवीची गर्द राई होती. भिवरानं 'रोपं नेऊ का' असा कौल लावला, देवीनं उजवं फूल दिलं, म्हणजे हो म्हणाली. मग तिनं राईतून करंजाची रोपं आणली. करंज म्हणजे झाड हो, खायची करंजी नव्हे! पण राईचा नियम मोठा कडक. तिथली चिमूटभर मातीसुद्धा बाहेर न्यायची नाही. भिवरा पडली देवभोळी. तिनं ओढ्यावर बसून एकेक मूळ चोळून चोळून धुतलं, नखांतली मातीही काढली, आणि मगच रोपं डोंगरावर लावली.

पहिल्या वर्षी रोपं वाळली. दुसऱ्या वर्षी तिनं लेंडीखत घातलं, डोक्यावरून पाणी आणलं. वाळली. तिसऱ्या वर्षी काट्यांचं कुंपण केलं, भर उन्हात पदराची सावली धरली. तरी वाळली ती वाळलीच. आणि हौसा अजूनही बापाजवळ जाईना.

मग भिवरा चिडली. टळटळीत दुपारी राईत गेली आणि देवीसमोर बसून ढसाढसा रडली. "आई, तुझीच लेकरं न्हवं ती? का मारतीस?"

तर झाडामागून एक ठेंगणी म्हातारी आली. कपाळभर कुंकू. कोण असेल ती? ओळखलंत ना, मग गप्प राहा, भिवराला अजून कळायचंय.

"रोपं लावलीस कशी, ते सांग," म्हातारी म्हणाली.

"मुळं धुऊन. मातीचा कण बी न्हेला न्हाई."

म्हातारीनं कपाळाला हात लावला. "अगं बया! लेकी सासरी धाडल्यास आन् पाठराखीण हितंच ठेवलीस व्हय?"

पाठराखीण ठाऊक आहे ना? नवी नवरी सासरी निघते, तेव्हा तिच्यासोबत माहेरची एक जाणती बाई जाते. तिला घास भरवते, जवळ घेऊन निजते. ती पाठराखीण.

म्हातारीनं पाचोळा बाजूला केला. खाली मातीत बुरशीचे पांढरे धागे होते, केसाहून बारीक, एका झाडाच्या मुळापासून दुसऱ्याच्या मुळापर्यंत. "मूळ जिथं पोचत न्हाई, तिथलं पाणी ही आणून पाजती. रोप हिला पानातली गोडी देतं. एकमेकींवर जगत्यात गं."

"पर माती न्ह्यायची न्हाई ना?"

"त्यो नियम चोरासाठी. पाठराखिणीला कुणी अडवतं व्हय, येडे?"

आणि म्हातारीनं आपल्या हातानं भिवराच्या ओटीत माती घातली. एरवी बायका देवीची ओटी भरतात. त्या दिवशी देवीनं भिवराची भरली. भिवरानं डोळे पुसून वर पाहिलं, तर म्हातारी कुठेच नाही.

मग भिवरानं नवी रोपं आणली, न धुता. प्रत्येकाच्या मुळाशी मूठमूठ माती घातली. धागे हळूहळू चालू लागले. एका रोपाला भेटले, दुसऱ्याला भेटले, तिसऱ्याला भेटले. त्या उन्हाळ्यात एकही रोप वाळलं नाही. दोन वर्षांत सावली पडली, सावलीत गवत आलं, गवतात ससे आले.

मग दसरा आला. बिरूनं डोंगर पाहिला, मेंढरं पाहिली, आणि बांधलेल्या बिऱ्हाडाच्या गाठी सोडून करंजाखाली बसला. थोड्या वेळानं हौसा आली. आठ वर्षांची घोडी झाली होती, तरी बापाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. बिरूच्या पायाला मुंग्या आल्या. पण त्यानं पाय म्हणून हलवला नाही.

ते सगळे सुखी झाले, तसे तुम्हीही व्हा. घ्या पांघरूण, आणि झोपा आता.