न कुजणारी चिंधी

“मग ही अजून कुजली का नाही?”

रावसाहेब मगदूम काटेरी झाडाखाली उभे राहून विचारत होते. विचारत कसले, जाबच मागत होते.

झाडाच्या बुंध्याशी दगडांनी बांधून काढलेला लहानसा झरा होता. त्याची राखण करणारी म्हातारी नेल गुडघे टेकून पाण्यातला पाला काढत होती. तिनं मान वर केली नाही.

“कुठली रे बाळा?”

“ही काय, लाल. मी बांधून गेलो होतो. आठवतं का? पद्मजाचा बाप मी.”

नेलचा हात पाण्यातच थांबला.

“आठवतं,” ती म्हणाली. “ती मला आजी म्हणायची... तूही तेच म्हण.”

इचलकरंजीचा हा माणूस आयर्लंडच्या पश्चिम टोकाला दुसऱ्यांदा आला होता. गॉलवेहून बस, पुढं दगडावर दगड रचलेल्या गडग्यांमधली पायवाट, मेंढ्या, धुकं, आणि मग हा झरा. पद्मजा गॉलवेला शिकायला होती. सुट्टी मिळाली की इथं यायची आणि घरी फोन करायची. “बाबा, इथंपण प्रदक्षिणा घालतात. आणि आपल्यासारखीच उजवी!”

झऱ्याची रीत तिनंच सांगितली होती. आपल्या अंगाला लागलेल्या कापडाची चिंधी पाण्यात बुडवायची, झाडाला बांधायची आणि निघून जायचं. चिंधी उन्हापावसात कुजत जाते, तसं आपलं दुखणं कमी होत जातं.

पुढं दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि पद्मजाच गेली. परक्या मुलखात, बापाचं विमान हवेत असताना.

तिचं सगळं आटोपल्यावर मगदूम तिच्या ओढणीची पट्टी घेऊन इथं आले होते. ती ओढणी उशाशी घेऊनच ते झोपायचे. रीतीप्रमाणे त्यांनी प्रदक्षिणा घातली, पट्टी भिजवली आणि गाठ मारली. आज तीन वर्षांनी पाहतात तर आजूबाजूच्या चिंध्यांची लक्तरं झालेली, काही नुसत्या दोऱ्यांवर आलेल्या. त्यांची पट्टी मात्र कालच बांधल्यासारखी लालभडक.

नेल झाडाला धरून उठली. तिनं ती पट्टी दोन बोटांत घेऊन चोळून पाहिली.

“कसलं कापड हे?”

आता मगदूम म्हणजे कापडातला माणूस. समोरच्याचं तोंड बघण्याआधी त्याचा सदरा बघणारा. दुःखात होता, तरी त्याची मान ताठ झाली.

“आमच्याच मागावरचं. पॉलिएस्टर. पोरीसाठी खास विणून घेतलं होतं. ऊन लागू दे, पाऊस लागू दे, शंभर वर्षं रंग जायचा नाही की धागा कुजायचा नाही. आपली गॅरंटी!”

आपण काय बोललो ते मग मगदूमांचं त्यांनाच ऐकू आलं.

“बांधताना हे ठाऊक होतं तुला?”

एखादा भाबडा माणूस असता तर चूक झाली म्हणून सुटला असता. पण सारा जन्म सुतात घालवलेला माणूस खोटं बोलणार तरी कसं?

“ठाऊक होतं,” ते म्हणाले.

वारा सुटला होता. खाली समुद्र असावा, पण धुक्यामुळे त्याचा फक्त आवाज येत होता.

“घरी कसं आहे?” नेलनं विचारलं.

मगदूम दगडावर बसले. त्यांचं इंग्रजी धंद्यापुरतं, नेलची बोली वेगळीच. त्यामुळे त्यांना तुकड्या-तुकड्यानंच सांगावं लागलं.

“तिची खोली आहे तशीच ठेवलीय. कुणी हात लावायचा नाही... माझ्या बायकोनं, शालननं, एकदा उशीचा अभ्रा धुतला. तिच्या केसांचा वास होता त्याला. तेव्हापासून मी शालनशी बोललो नाही.”

“तेव्हापासून?”

“अजून नाही. यंदाचा गुढीपाडवा झाला आणि ती बहिणीकडे निघून गेली. जाताना म्हणाली, पोरगी गेली ती गेली, तुम्ही का गेलात?”

मगदूमांनी पुन्हा लाल पट्टीकडे पाहिलं.

“तिला आणायला जायचंय, आजी. पण असा गेलो तर काय उपयोग? दारात पाऊल टाकायच्या आधी तो अभ्रा आठवेल. म्हणून म्हटलं, आधी इथं येऊन बघावं. चिंधी कुजली असली, तर तसाच तडक तिच्याकडे जाईन.”

“आणि नसली तर?”

नेलनं त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. मे महिना होता. झाड पांढऱ्या फुलांनी नुसतं लगडलं होतं. तिनं मगदूमांचं बोट धरून लाल गाठीवर ठेवलं. गाठीच्या दोन्ही अंगांनी साल फुगून वर आली होती. मग तिनं ते बोट पुढं नेलं, गाठीच्या पलीकडं.

तिथं फूल नव्हतं. पान नव्हतं. बोटाचा भार पडला मात्र, टोकाची काटकी काडकन मोडली.

मगदूम आल्यापासून त्या पट्टीकडे टक लावून होते. फांदीकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

“फांदी वाढते, बाळा,” नेल म्हणाली. “तुझी गाठ वाढत नाही.”

एप्रनच्या खिशातून तिनं लोकर कापायची कात्री काढली आणि त्यांच्या हातात दिली.

मगदूमांनी आयुष्यात मैलोगणती कापड कापलं असेल. ही वीतभर पट्टी त्यांच्याच्यानं कापवेना. कात्रीची पाती उघडली, पट्टीला लागली आणि तिथंच थांबली. मग ते रडू लागले. इतकी वर्षं अडवून धरलेलं, तोंड वेडंवाकडं करणारं ते रडणं होतं.

“ही कापली तर माझ्याकडं उरलं काय, आजी?”

नेलनं फांदी त्यांच्यासाठी वाकवून धरली.

“तुमचाही मुलगा गेला ना, समुद्रात? पद्मजानं सांगितलं होतं. तुम्ही चिंधी बांधली नव्हती?”

“बांधली होती की. डॉनलच्या स्वेटरची बाही. मीच विणलेला स्वेटर होता तो. मेंढीही आमचीच, नुसती लोकर. डॉनल सापडला तेव्हा अंगात तेवढाच राहिला होता.”

“कुठं आहे ती?”

नेलनं हात वर करून एक फांदी दाखवली. ती फुलांनी वाकली होती. तिच्यावर दुसरं काहीच नव्हतं.

“रोज यायची मी बघायला,” ती म्हणाली. “आज एक धागा गळालेला, उद्या दुसरा. आणि मग एक दिवस आले, तर फांदी मोकळी.”

मगदूमांनी डोळे पुसले. कात्री पट्टीवर तशीच उघडी होती.

“मग... गेलं तुमचं दुःख?”

नेलनं त्या मोकळ्या फांदीवरून हात फिरवला.

“गेलं ना. आणि ते गेलं त्या दिवशी मी जेवढी रडले, बाळा, तेवढी डॉनल बुडाला त्या दिवशीही रडले नव्हते.”